केशोरीच्या तळ्यावर अण्णांचं पितळी रीळ

कोल्हापूरहून सुटणाऱ्या गाडीच्या डब्यावरची ‘गोंदिया’ ही पाटी मी लहानपणापासून वाचत आले. आम्ही सांगलीला चढायचो आणि पुण्याला उतरायचो. फार तर नागपूरला लग्नाला जायचो. त्या पाटीच्या टोकापर्यंत आमच्या घरातलं कुणी कधी गेलं नव्हतं. यंदा डिसेंबरात मी वडिलांना घेऊन तिथपर्यंत गेले आणि परत आले. परत आले हे आधीच सांगून टाकते, कारण जाताना मला त्याची मुळीच खात्री नव्हती.

मी काळजी करणारी बाई आहे. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत जाते. शाळेच्या सहलीत मुलं मोजताना मधेच आकडा विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. अशा माणसानं पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या वडिलांना राज्याच्या दुसऱ्या टोकाला मासे पकडायला न्यावं, हे मलाच पटत नव्हतं. पण ते सांगलीत मासे पकडायला तयारच नव्हते, आणि मासे न पकडणारे अण्णा घरात बघवत नव्हते.

अण्णा साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर गळ टाकून बसायचे. त्यांच्याकडे सगळी रिळं जुनी. त्यातलं सगळ्यात जुनं पितळी, तळहाताएवढं. तरुणपणी मिरजेच्या जुन्या बाजारात घेतलेलं. त्याच्यावरची अक्षरं पुसून गेली आहेत, पण चाक अजून फुंकरीनं फिरतं. हौशी लोक घरी येऊन त्याचे फोटो काढायचे आणि हळूच विचारायचे, हे तुम्ही खरंच पाण्यावर नेता? अण्णा म्हणायचे, मग काय देव्हाऱ्यात ठेवू?

हल्लीच्या रिळांत दातेरी चाकं असतात, मासा जोरानं ओढायला लागला की दोरी आपोआप सैल सोडायची सोय असते. या रिळात तसलं काही नाही. एका खिळ्यावर चाक आणि चाकाला मूठ, एवढंच. मासा पळाला की चाक उलटं फिरतं आणि मूठही त्याच्याबरोबर गरगरते. त्या वेळी बोटं मधे आली तर सडकून मार बसतो. माशाला थोपवायचं ते चाकाच्या कडेवर तळहात टेकवून. जास्त दाबलं तर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तुटतं, कमी दाबलं तर मासा शेवाळात शिरतो. किती दाबायचं ते हाताला कळावं लागतं, आणि झटका आला होता तो नेमका त्याच हाताला. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती.

माझा भाऊ शिरीष पुण्याला असतो. त्यानं नव्या फ्लॅटमध्ये काचेचं कपाट केलं, आत दिवे लावले आणि फोनवर म्हणाला, अण्णांची रिळं मी इकडे नेतो, आठवण म्हणून छान मांडू. माणूस शेजारच्या खोलीत चहा पितोय आणि याला आठवणी मांडायची घाई! मी फोनवरच भांडले. अण्णांनी मात्र शांतपणे सांगितलं, “एकदा पाण्यावर जाऊन बघतो. हात चालला तर चालला. नाही तर ने बाबा सगळी.”

पाण्यावर म्हणजे कृष्णेवर नाही. घाटावर सगळे ओळखीचे. त्यांच्यासमोर हातातून रीळ सुटलं तर? मग मोरेश्वर कापगतेचं नाव निघालं. हा मोरेश्वर पूर्वी कारखान्यात शिकाऊ म्हणून आला होता, आमच्या माडीवर भाड्यानं राहायचा आणि अण्णांच्या मागे मागे घाटावर जायचा. आता गोंदिया जिल्ह्यात केशोरीला धानाची शेती करतो. दर दिवाळीला फोन करून बोलावतो. या वेळी आम्ही खरंच येतो म्हटल्यावर त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गोंदिया

प्रवासाबद्दल एवढंच सांगते की टॉवेलात गुंडाळलेल्या रिळाची पिशवी मी पूर्ण वेळ मांडीवर धरून बसले होते. गोंदिया स्टेशनावर उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दारावरच्या पोलिसानं पिशवीत हात घालून रीळ बाहेर काढलं.

“ये क्या है? गाडी का पार्ट है क्या?”

“मछली पकडने का है,” मी म्हटलं. माझं हिंदी घाबरले की आणखी बिघडतं.

त्यानं मूठ फिरवून पाहिली. चाक घरघरत फिरलं तसा तो एकदम हसला आणि त्यानं सोबत्याला हाक मारली. त्यानंही फिरवलं. मग तिसऱ्यानं. अण्णा मात्र डावा हात कमरेवर ठेवून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी थोडा तोरा दिसला. उजवा हात खिशात होता. झटक्यानंतर तो कायम खिशातच असायचा.

गोंदिया शहरात मराठी कानावर पडायला जरा वेळच लागतो. रिक्षावाला हिंदी, लॉजवाला हिंदी, सकाळी पोह्यांवर चण्याची तर्री ओतणारा माणूसही हिंदी. तर्री इतकी झणझणीत होती की मला अण्णांच्या रक्तदाबाची धास्ती वाटली आणि मी त्यांची बशी ओढली. त्यांनी ती डाव्या हातानं परत ओढली. टेबलावर थोडी तर्री सांडली, शेजारचे लोक बघायला लागले आणि मीच हार मानली.

मोरेश्वर बोलेरो घेऊन न्यायला आला. पूर्वीचा काटकुळा पोरगा आता चांगला पोट सुटलेला गृहस्थ झाला होता. त्यानं अण्णांचे पाय धरले, उभा राहिला आणि सरळ म्हणाला, “काकाजी, काऊन इतके वाळले जी? अन् हात खिशात कायले लपवून राहिले? दाखवा बरं.”

आमच्या सांगलीत सहा महिने सगळे त्या हाताकडे न बघता बोलत होते. हवापाणी, ऊस, राजकारण, सगळं बोलायचे, हाताचं कुणी काढायचं नाही. आम्ही त्याला सभ्यपणा म्हणत होतो. इथे हा रस्त्यावर उभा राहून हात मागत होता. आणि अण्णांनी चक्क तो खिशातून काढून पुढे केला! मोरेश्वरनं एकेक बोट वाकवून पाहिलं, जणू मशीनचा भाग तपासतोय. “अंगठा बरा आहे. करंगळी बेकार झाली,” असं म्हणून त्यानं गाडीचं दार उघडलं. अण्णा हसत होते. मला मात्र राग आला होता, आणि तो कशाचा हे नीट कळत नव्हतं.

केशोरी

वाटेत दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं होती. बांध्यांत, म्हणजे भाताच्या वाफ्यांत, पिवळे खुंट उरलेले, मधे मधे कापलेल्या धानाचे उंच ढीग, पुंजणे, रचलेले. पुढे जंगल लागलं. मोरेश्वरनं सहज सांगितलं की मधे इकडे हत्ती येऊन गेले. त्यानंतर मला प्रत्येक काळ्या खडकाला सोंड दिसायला लागली.

मोरेश्वरची बायको वच्छला अंगणातच उभी होती. तिनं पाय धुवायला गरम पाणी दिलं आणि लगेच पानं वाढली. नव्या तांदळाचा भात, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि तळ्यातल्या माशाचा रस्सा. आमच्याकडे भात शेवटी येतो, तोंडी लावल्यासारखा. इथे भातानं सुरुवात, भातानंच शेवट, आणि मी भाकरीची आठवण काढल्यावर वच्छला म्हणाली, “भाकर तर आजारी माणूस खाते जी आमच्याकडे. तुम्ही काय आजारी आहा का?” अण्णांनी काटे काढायला डावा हात वापरला. मी मधे पडले नाही, पण माझा घास अण्णांच्या घशात काटा अडकतो का हे बघण्यात तसाच हातात राहिला.

तळं गावाबाहेर, चालत जाण्यासारखं. मासेमारीचा हक्क गावातल्या मच्छीमारांच्या संस्थेकडे आहे. मोरेश्वरनं त्यांना आधीच विचारून ठेवलं होतं. गळ टाकून बसा, जाळं टाकू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, मोहाची मोठी झाडं होती, पाण्यावर कमळाची पानं आणि पलीकडे बदकांचा थवा. जागा सुंदर होती हे मी आता आठवून सांगते आहे. तेव्हा मी फक्त उतार किती निसरडा आहे ते बघितलं, आणि अण्णांची खुर्ची ठेवायला सपाट जमीन शोधली.

पहिल्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी नेहमीप्रमाणे अण्णांच्या बोटांना बाम चोळला. मग तळ्यावर जाऊन कणकेचा गोळा मळला, शेंगदाण्याची पेंड घातली, गळाला लावला. आमिष लावणं अण्णांना जमत नव्हतं, आणि गळ फेकताना रिळावरून तंगुसाचे वेढे ओढून हातात धरायलाही दुसरं माणूस लागत होतं. ती दोन्ही कामं माझी. गळ पाण्यात पडला, दोरीला बांधलेलं तरंगतं बूच उभं राहिलं आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की हात धुवायचा राहिला. बोटांना बामाचा वास येत होता.

गळ टाकणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. साबण, तेल, तंबाखू, कसलाही उग्र वास आमिषाला लागला की मासा तोंड लावत नाही. अण्णा घाटावर निघायच्या आधी मातीनं हात धुवायचे. मी सांगायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात मला अण्णांचा हात दिसला. तो रिळाच्या कडेवर टेकलेला होता आणि थरथरत होता. मासा लागण्याआधीच. मी तोंड मिटलं.

त्या दिवशी काहीच लागलं नाही. शेजारी मोरेश्वर साध्या बांबूच्या काठीनं, गांडुळं लावून, एकामागून एक लहानसे मासे काढत होता. तो बुचकळ्यात पडला. “काकाजीच्या गळाले काऊन नाई लागून राहिला?” अण्णा म्हणाले, “थंडी आहे. आजचा दिवस नाही.”

दुसऱ्या दिवशी मी विसरले नाही. बाम चोळला आणि मुद्दाम हात न धुता कणीक मळली. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण त्या वेळचा माझा हिशोब सरळ होता. मासाच लागला नाही तर रीळ फिरायचं नाही. रीळ फिरलं नाही तर मूठ बोटांवर बसायची नाही, अण्णा तोल जाऊन पाण्यात पडायचे नाहीत, त्यांच्या हातून मासा सुटायचा नाही. हात चालत नाही हे सिद्धच होणार नाही. मासे नव्हते म्हणून परत आलो, असं सांगायचं. शिरीषलाही, अण्णांच्या स्वतःच्या मनालाही. मी दिवसभर त्या बुचाकडे बघत होते आणि ते हललं की मी अण्णांची खुर्ची धरायचे. नुसत्या वाऱ्यानं हललं तरी.

दुपारी वच्छला डबा घेऊन आली. माझ्याजवळ बसून तिनं जरा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “ताई, कायले इतक्या भिऊन राहिल्या? तलाव काय काकाजीले खाऊन टाकते का?”

“पडले-बिडले तर?”

“पडले तर काढू ना जी. आमी काय मेलो का?”

ती हसत हसत हे बोलली आणि मला रडू आलं. मी तोंड फिरवून डबा उघडायला लागले. संध्याकाळी गळ गुंडाळताना अण्णांनी त्याला चिकटलेला कणकेचा गोळा चिमटीत धरून थोडा वेळ पाहिला आणि पाण्यात टाकून दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्हाला निघायचं होतं. सकाळी धुकं होतं. मोरेश्वर मळणीच्या मशीनवाल्याला गाठायला गेला होता, त्यामुळे तळ्यावर आम्ही दोघंच. मी खुर्ची ठेवली, शालीची घडी करून त्यांच्या पाठीशी दिली, रीळ काठीला बसवलं. आमिषाचा डबा उघडला तेव्हा अण्णांनी माझा हात धरला. उजव्या हातानं. पकड सैल होती, पण धरला.

त्यांनी माझी बोटं नाकाशी नेली आणि सोडून दिली.

“जा, हात धुऊन ये,” ते म्हणाले. “मातीनं धू.”

मी जागची हलले नाही. “कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“पहिल्याच दिवशी. गोळा पाण्यात पडायच्या आधीच वास आला.”

“मग बोलला का नाहीत? दोन दिवस बसून राहिलात?”

अण्णा पाण्याकडे बघत होते. मला वाटलं रागावलेत, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं.

“मला वाटलं, बरंच झालं,” ते म्हणाले. “तू तुझ्या भीतीनं केलंस. मी माझ्या भीतीनं गप्प बसलो. पण आता गाडीत बसल्यावर काय करू? घरी जाऊन रोज तोच विचार करत बसू, की लागला असता तर काय झालं असतं?”

मी उतरून पाण्याशी गेले. काठची माती घेऊन हात चोळचोळ चोळले, नखांतूनसुद्धा. पाणी बर्फासारखं होतं. परत वर येऊन नवा गोळा मळला, मऊ, पेंड सढळ घालून. गळाला लावला. तंगुसाचे वेढे हातात धरले आणि अण्णांनी डाव्या हातानं काठी फिरवल्यावर एकेक सोडले. बूच कमळाच्या पानांच्या अलीकडे जाऊन उभं राहिलं.

मी देवाचं नाव घ्यायला लागले आणि कशासाठी घेते आहे तेच मला कळेना. लागू दे की लागू देऊ नको?

बूच एकदा बुडालं, वर आलं, तिरकं झालं आणि सरळ आत गेलं. अण्णांनी काठी उचलली. रीळ जे सुटलं ते घरघरत असं फिरायला लागलं की पलीकडची बदकं उडाली. मूठ दिसेनाशी झाली. अण्णांनी सवयीनं उजवा हात पुढे नेला आणि ती मूठ त्यांच्या बोटांवर फटाफट बसली. मी किंचाळले आणि काठी धरायला झेपावले.

“हात लावू नको!” अण्णा ओरडले. “बस खाली!”

मी बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले, शाळेत वाह्यात पोरांना बसवतो तशी. अण्णांनी तळहात चाकाच्या कडेवर टेकवला. बोटं मिटत नव्हतीच, ती फाकून वर राहिली होती, पण तळव्याला बोटांची गरज नव्हती. घरघर मंदावली. मासा पलीकडच्या शेवाळाकडे वळला तसे त्यांनी थोडं दाबलं, मग सोडलं, मग पुन्हा दाबलं. त्यांच्या बोटांच्या पेरांतून रक्त येऊन पितळावर फासलं जात होतं. त्यांचा श्वास वाजत होता. मला फक्त तो श्वास ऐकू येत होता आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांचा नंबर आठवत होते.

मासा एकदा पाण्याच्या वर आला. रोहू होता, चांगला मोठा, लालसर परांचा. काठापासून फार लांब नव्हता. अण्णांनी डाव्या हातातली काठी पोटाशी टेकवली आणि तळहातानंच चाक थोडं थोडं मागे ओढायला सुरुवात केली. मूठ धरता येत नव्हती, म्हणून कडेवरून हात घासत चाक फिरवत होते. इंचाइंचानं तंगूस आत येत होतं. मग माशानं अखेरचा हिसका दिला, अण्णांचा तळहात रक्तानं घसरला, चाक सैल सुटलं आणि मासा पानांच्या देठांत शिरला. काठी एकदम सरळ झाली.

झालं. मला ज्याची भीती होती ते सगळं झालं होतं. हात घसरला होता, रक्त आलं होतं, मासा गेला होता. मी रुमाल शोधत होते, काहीतरी चांगलं बोलायला शब्द शोधत होते, आणि दोन्ही सापडत नव्हते. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

ते सैल पडलेलं तंगूस आत घेत होते. तळहातानं, सावकाश. त्याला वेळ लागला. शेवटी गळ काठाच्या गवतातून सरपटत वर आला, रिकामा, जरासा वाकलेला. अण्णांनी तो दातात धरून सरळ केला, पँटीला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“दुसरं लाव,” ते म्हणाले.

मी डब्यातून कणीक घेतली. गोळा माझ्या हातून दोनदा मातीत पडला. अण्णा गळ धरून थांबले होते.